पाठ फिरवायची रीत

बहारीनच्या मनामा शहरातल्या गुदैबियात बिल्किसच्या गच्चीवर कुणीही जावं. कढीपत्ता हवा, पुदिना हवा, मेंदीची फांदी हवी, जे हवं ते मागावं, ती हातात देते. वर चहा पाजते आणि झाड कसं जगवायचं ते दोनदा सांगते, एकदा दारात आणि एकदा जिन्यात. फक्त एक गोष्ट करायची नाही. न विचारता त्या गच्चीवरचं पानही तोडायचं नाही.

मागच्या ईदला शेजारच्या सदफने ते केलं. सदफ नवी नवरी, श्रीवर्धनकडची, चार महिने झाले असतील बहारीनला येऊन. मोगऱ्याची फांदी मोडून तिने गुपचूप ओढणीत घातली, आपल्याकडच्या बाया घालतात तशी. बिल्किसने पाहिलं आणि शीरखुर्म्याची वाटी हातात असतानाच सगळ्यांसमोर तिच्यावर कडाडली. "अगो, तोंड नाय काय तुला? माग ना! मागितलंस तर मी नाय म्हणेन? चोरतेस कशाला?"

पोरगी रडायला लागली. बाकीच्या बाया एकमेकींकडे बघत राहिल्या. कारण मागून आणलेलं रोप लागत नाही, चोरून आणलेलंच लागतं, हे कोकणातल्या कुठल्या पोरीला ठाऊक नसतं? आणि अर्ध्या मनामाला ते शिकवलं कुणी? ह्याच बिल्किसने! तिच्या गच्चीवरचं एकेक झाड कुणाकुणाच्या कुंपणावरून उचललेलं, आणि ते ती कौतुकाने सांगायची. मग ही बया एकाएकी अशी का बदलली?

कुणी म्हणालं, वय झालं. कुणी म्हणालं, लंडन बघून आली तेव्हापासून शिष्ट झाली. लोकांचं काय, जीभ उचलायची आणि टाळ्याला लावायची. लंडनचा संबंध होता, तो मात्र शिष्टपणाचा नव्हता.

बिल्किस म्हसळ्याजवळच्या खेड्यातली. तिच्या आईच्या अंगणात पाहुणी आली आणि एखादं झाड तिच्या मनात भरलं, तर ती ते मागायची नाही. नुसती वाखाणायची. "काय बाई फुललंय!" आणि थोड्या वेळाने पुन्हा एकदा, "खरंच, काय फुललंय!" दुसऱ्यांदा म्हटलं की घरवालीला समजायचं. ती म्हणायची, "अगोबाई, माझं दूध उतू जातंय वाटतं," आणि पाठ फिरवून आत जायची. चुलीवर दूध असो नसो. तेवढ्यात पाहुणीने फांदी मोडायची, ओटीत लपवायची. घरवाली बाहेर आली की तिला काही दिसायचं नाही. घेणारीवर उपकार चढत नाहीत आणि देणारीचा जीव अडकत नाही, म्हणून रोप लागतं, असं आई सांगायची. ह्याला चोरी म्हणत नसत. ही रीत होती.

लग्न होऊन ती ताहिरच्या मागे बहारीनला आली. ताहिर मीना सलमान बंदरात बोटी दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये स्टोअरकीपर. पहिला उन्हाळा तिने खिडकीच्या आत काढला आणि रडून काढला. हिरवं म्हणून बघायला काही नाही. खजुरीची झाडं तेवढी, तीही लोकांच्या भिंतींपलीकडे. दुसऱ्या वर्षी गावाहून येताना तिने बॅगेत, परकराच्या घडीत, ओल्या फडक्यात गुंडाळून कढीपत्त्याचं रोप आणलं. ताहिरने वर्कशॉपमधून रंगाचे रिकामे डबे आणून दिले. नळाचं पाणी खारट, म्हणून ती एसीतून ठिबकणारं पाणी बादलीत धरायची आणि तेच घालायची. कढीपत्ता लागला. मग अळू, मग गवती चहा, मग तोंडलीचा वेल. पाच-सहा वर्षांत गच्चीवर पाय ठेवायला जागा उरली नाही.

ताहिरने ही बढाई वर्कशॉपमध्ये मारली आणि ती साहेबाच्या कानावर गेली. साहेब इंग्रज. त्याच्या बायकोचं नाव जोअन. तिला झाडांचं वेड, आणि वाळवंटात अळू वाढतं हे तिला खरं वाटेना. एका शुक्रवारी ती तीन मजले चढून, धापा टाकत, मोठी हॅट घालून गच्चीवर हजर! उंच, उन्हाने नाक लाल झालेलं, पायांत पुरुषी बूट. बिल्किसला तिचं इंग्रजी झेपेना आणि तिला बिल्किसचं हिंदी. पण दोघी झाडापुढे बसल्या आणि बोलणं सुरू झालं. "धिस, टू मच सन, खलास." "धिस, लिटल वॉटर, एव्हरी डे." "साबण वॉटर?" "मफी साबण!" मफी म्हणजे नाही, एवढी बाजारातली अरबी दोघींना येत होती. ताहिर आणि साहेब खाली गाडीत वाट बघून कंटाळले, तरी ह्या उठेनात.

मग बुदैया रस्त्यावरच्या जोअनच्या बंगल्यात जाणं सुरू झालं. तिच्या भिंतीवर जांभळ्या फुलांची एक वेल होती. बिल्किसने ती दोनदा वाखाणली आणि वाट बघत उभी राहिली. जोअन पडली इंग्रज. ती म्हणाली, "आवडली? घे की!" आणि कात्री आणून तीन चांगल्या फांद्या कापून कागदात बांधून दिल्या. तिन्ही मेल्या. पुढच्या खेपेला बिल्किसने मोडक्यातोडक्या भाषेत, हातवारे करून, दूध उतू जाण्याची रीत तिला समजावली. जोअन इतकी हसली की डोळे पुसायला लागले. मग एकदम उठली, "अरेच्चा, माझी किटली!" असं मोठ्याने ओरडली आणि पाठ फिरवून आत गेली. किटली थंड पडलेली होती. बिल्किसने फांदी मोडली, पिशवीत टाकली, आणि ती वेल अशी लागली की गच्चीचा कठडा दिसेनासा झाला.

तेव्हापासून दहाएक वर्षं दोघींचा हा खेळ चालला. एकीने दोनदा वाखाणायचं, दुसरीने किटलीचं नाव काढायचं आणि पाठ फिरवायची. जोअनने असाच गवती चहा चोरला, मोगरा चोरला, पुदिना तर कितीदा. चोरी झाली की निघताना दारात एक जण विचारायची, "किटली उकळली का?" आणि दोघी खिदळायच्या. ताहिर कपाळाला हात लावायचा. घरच्या माणसांत एवढं हसणं बिल्किसच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. मूलबाळ झालं नव्हतं, आणि त्यावरून बोलणाऱ्या बाया चिकार होत्या. जोअनने तो विषय कधी काढला नाही. तिलाही मूल नव्हतं.

ब्याण्णव साली साहेब रिटायर झाला. जाण्याआधी जोअन गच्चीवर आली आणि म्हणाली, "माझ्या गावाला लागून एक रान आहे. शेकडो वर्षांपासूनचं. मी लहानपणी तिथेच वाढले. तू ये, तुला दाखवायचंय." बिल्किस म्हणाली, "इंशाल्ला." आपण इंशाल्ला म्हणतो त्यातलं किती घडतं ते आपल्याला ठाऊक असतं. पण हे घडलं.

बिल्किसची धाकटी बहीण खदिजा लंडनला दिलेली. पंचाण्णवच्या वसंतात तिचं पहिलं बाळंतपण आलं. आई तोवर गेलेली, तेव्हा बाळंतपणाला बिल्किसच गेली. चाळिसावं न्हाणं होईपर्यंत ती त्या घराबाहेर पडली नाही. मग मे संपता संपता जोअन स्वतः गाडी घेऊन दारात आली आणि दोन दिवसांसाठी तिला आपल्या गावी घेऊन गेली.

बिल्किसच्या डोक्यात रान म्हणजे घाटातलं रान, अंधारं, बिबट्याचं. इथे पाहिलं तर एक लाकडी फाटक, एक पाटी, आणि आत चिखलाची पायवाट. "एवढंच?" ती म्हणाली. जोअन हसली. "थांब," ती म्हणाली.

आत शिरल्यावर हवा बदलली. डोक्यावर कोवळी पानं, त्यांतून गाळून आल्यासारखा उजेड, खाली कुजलेल्या पानांचा ओला वास. जोअनने एक बांध दाखवला आणि त्याच्या कडेने जाणारी चर. सातशे-आठशे वर्षांपूर्वी माणसांनी हातांनी खणलेली, रानाची हद्द म्हणून. मग तिने एक झाड दाखवलं, म्हणजे झाड कसलं, जमिनीलगतचा एक रुंद खोडका, आणि त्याच्या कडेने वर गेलेल्या सरळसोट फांद्या. दर काही वर्षांनी इथली माणसं फांद्या बुडापासून तोडतात, खोडका पुन्हा फुटतो. पुन्हा तोडतात, पुन्हा फुटतो. तोडतात म्हणून तो जगलाय, नाहीतर केव्हाच म्हातारा होऊन पडला असता. बिल्किसला हे लगेच कळलं, मेंदीचंही तसंच असतं. तिने त्या खोडक्यावर हात ठेवला. किती माणसांनी ह्याला तोडलं असेल, आणि एकानेही मुळापासून उपटलं नाही, असं तिच्या मनात आलं. "माशाल्ला," ती पुटपुटली. हे तिच्या मनात त्याच दिवशी आलं होतं, हे तिला पुढे विसरता आलं नाही.

वाटेवर एक म्हातारा बसून काठ्या चिरत होता. त्याचं नाव फ्रँक. ह्या रानाची राखण आणि तोडणी त्याच्याकडे. त्याने टोपीला हात लावला, बिल्किसच्या डोक्यावरच्या ओढणीकडे पाहिलं, मग तिच्या पायांतल्या सपातांकडे, आणि मान हलवली. शेजारच्या झुडपातून त्याने एक काठी तोडली, साल तासली, तिच्या उंचीला धरून पाहिली, आणि चिखलात आधाराला म्हणून तिच्या हातात दिली. बिल्किसने ती मागितली नव्हती.

फ्रँक मागे राहिला, तसं जोअनने तिचा हात धरला आणि वाट सोडून आत नेलं. तिथे मागच्या तोडणीमुळे मोकळं झालेलं होतं, ऊन जमिनीपर्यंत पोचत होतं. जोअन गुडघ्यांवर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "बघ."

दोन रुंद पानं, मधून एक दांडा, आणि त्यावर हिरवट पांढऱ्या फुलांचा तुरा. फुलपाखरू बसावं तसा एकेका फुलाचा आकार, आणि इंग्रजीत त्याचं नावही फुलपाखरावरूनच आहे. सगळ्या रानात एवढं एकच. फ्रँकने लहानपणी इथे ते पाहिलं होतं, नंतर आख्ख्या हयातीत नाही. झाडी माजली, उजेड गेला, ते गेलं. दोन वर्षांपूर्वी त्याने इथली झाडी तोडली आणि यंदा ते पुन्हा आलं. "फ्रँकला आणि मला, दोघांनाच ठाऊक आहे," जोअन म्हणाली. "लोक उपटून नेतात म्हणून आम्ही कुणाला सांगत नाही. आता तुला ठाऊक आहे."

बिल्किस वाकली. संध्याकाळ होत आली होती आणि वास नुकता सुटू लागला होता. मोगऱ्याचा नाही, केवड्याचा नाही, पण जवळचाच कुठला तरी, गोड आणि गार. आईचं अंगण तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. "किती सुंदर फुललंय," तिच्या तोंडून गेलं. आणि थोड्या वेळाने, "खरंच, किती सुंदर फुललंय."

दोनदा.

त्याच वेळी दूर झाडीत एक पक्षी बोलला. जोअनने बोट वर केलं, "ऐक, ऐक!" आणि ती उठून चार पावलं पुढे गेली. तिथे उभी राहिली, डोळे मिटून, बिल्किसकडे पाठ करून.

बिल्किसने ती पाठ पाहिली. दहा वर्षं पाहिलेली, ओळखीची पाठ. तिच्या मनाने उचल खाल्ली. दोनदा वाखाणलं, तिने पाठ फिरवली, आणखी काय हवं? आणि तेच मन आतून म्हणालं, अगो, ती किटली म्हणाली नाही. जोअन नेहमी किटली म्हणते. ती नुसती पक्षी ऐकतेय. हे तिला कळत होतं. नंतर कुणाला सांगायचं झालं असतं तर ती पाठीकडे बोट दाखवू शकली असती, पण स्वतःला काय सांगणार? कळत असूनच तिचा हात पिशवीत गेला. थर्मासबरोबर आणलेला चहाचा चमचा होता. माती मऊ होती. काठी तिने शेजारी जमिनीत रोवली, दोन्ही हात मोकळे केले, आणि चमच्याने सगळीकडून उकरून ते मुळासकट, मातीसकट उचललं, सँडविचच्या पिशवीत घातलं, खळग्यावर वाळकी पानं ओढली.

"ऐकलंस?" जोअन वळून म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

"ऐकलं," बिल्किस म्हणाली. तिला काहीएक ऐकू आलं नव्हतं.

जोअनने तिथून तिचा हात धरून तिला वाटेवर आणलं, खाली पुन्हा पाहिलंही नाही. उजेड उतरत होता आणि तिला वाट चुकायची भीती होती.

गाडीत बिल्किस वाट बघत राहिली. आता ही हसेल, आता विचारेल, किटली उकळली का? जोअन पक्ष्याबद्दल बोलत होती. घर आलं. दारातही तिने विचारलं नाही. अजून वेळ गेलेली नव्हती. सांगितलं असतं तर जोअन रागावली असती, दोघी चिखलातून परत गेल्या असत्या, आणि रोप होतं तिथे बसलं असतं. सकाळी न्याहारीला तिने तोंड उघडलं, आणि नेमका तेव्हाच जोअनने बिस्किटांचा मोठा डबा तिच्यापुढे ठेवला. "हा ताहिरसाठी. त्याला सांग, मी त्याची आठवण काढते." बिल्किसचं तोंड मिटलं ते मिटलं. लंडनला येऊन तिने बिस्किटं बहिणीकडे ओतली आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेलं रोप त्याच डब्यात घातलं. फ्रँकची काठी लांब होती, तरी ती तिने विमानात हातात धरून आणली. का आणली, हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

जूनमधलं बहारीन! माणसाचे ओठ वाळतात, तिथे त्या गार मुलखातल्या रोपाचं काय? बिल्किसने ते झोपायच्या खोलीत एसीखाली ठेवलं.

ताहिरने पाहिलं. "हे काय आणलंस गो?"

"जोअनकडचं."

"तिने दिलं?"

"पाठ फिरवली होती," बिल्किस म्हणाली.

"मग लागेल," ताहिर म्हणाला आणि पेपर वाचायला लागला. नवऱ्याशी खोटं बोलायची तिची ही पहिली वेळ, आणि त्यात एक शब्द खोटा नव्हता.

लागलं नाही. फुलं गळली, पानं पिवळी पडली, मग काळी. माती उकरून पाहिलं तर आतला कंद मऊ होऊन सडला होता. तिने कुंडी टाकली नाही. गच्चीच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली आणि नुसत्या मातीला पाणी घालत राहिली. ताहिरने एकदा म्हटलं, त्यात दुसरं काहीतरी लाव. तिने ऐकलं नाही.

ऑगस्टमध्ये जोअनचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, मग ती म्हणाली, "आपलं ते फूल गेलं. कुणीतरी खणून नेलं." तिचा आवाज बारीक झाला होता. बिल्किसच्या ओठांवर आलं होतं. पण तिने नुसतं "अरेरे" म्हटलं, आणि तिकडे पाऊस आहे का ते विचारलं. त्यानंतर फोन वाजला की ती ताहिरला पुढे करायची. मी नमाजला बसलेय म्हणून सांगा, मी बाजारात गेलेय म्हणून सांगा. खाई त्याला खवखवे. जोअनला वाटलं, बिचारी कामात असेल.

अठ्ठ्याण्णवच्या नोव्हेंबरात जोअन आली. साहेब आता राहिला नव्हता. बहारीनमधल्या एका मैत्रिणीकडे ती चार दिवस उतरली होती, आणि पहिल्याच दुपारी ती गच्चीवर हजर. तीन मजले चढताना दोनदा थांबावं लागलं. केस पांढरे, पाठीत वाकलेली. हॅट मात्र तीच. बिल्किसने घावणे केले होते, नारळाचा रस केला होता. जोअनने एकेका डब्यापाशी थांबून झाडांची चौकशी केली, मोगऱ्याला हात लावला, कठड्यावरची जांभळी वेल पाहून "माझी मुलगी!" म्हणाली. बिल्किसला वाटलं, जुने दिवस परत आले. तिने मनाला बजावलं, जाऊ दे, तीन वर्षं झाली, एका फुलाचं काय ते.

मग जोअन तोंडलीच्या वेलापाशी आली. वेल एका काठीवर चढवलेला होता. जोअनने काठीवरून बोटं फिरवली. "ही फ्रँकची," ती म्हणाली, आणि तिथेच ती रडायला लागली.

बिल्किसने खुर्ची आणली, पाणी आणलं.

"फ्रँक गेला," जोअन म्हणाली. "मागच्या हिवाळ्यात. एकटाच होता. मी त्याच्या दफनालाही गेले नाही."

"का?"

"आम्ही बोलत नव्हतो. त्या फुलामुळे." तिने पाण्याचा घोट घेतला. "तो मला म्हणाला, तुझ्या पाहुणीने नेलं. मी म्हटलं, काय बोलतोस? तो म्हणाला, खळग्याशेजारी काठीचं भोक आहे, मी दिलेल्या काठीचं. मी म्हटलं, ती तिथे चालली, भोक असणारच! तिने ओढणी घेतलीय, ती परदेशी आहे, म्हणून तुला ती चोर दिसते. मी त्याला खूप बोलले, बिल्किस. गावात चार लोकांसमोर बोलले. म्हटलं, माझ्या मैत्रिणीचं नाव पुन्हा तोंडातून काढू नकोस. त्यानंतर तो मला बघून टोपीला हात लावायचा, आणि मी बघायची नाही. शेवटपर्यंत."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत होतं. एका फुलाचं काय ते, असं तिने मघाशीच मनात म्हटलं होतं. खरं बोलणारा एक म्हातारा लोकांत खोटा पडून मेला होता, आणि ज्याच्यामुळे पडला ते प्रेम तिच्यावरचं होतं.

जोअनने डोळे पुसले. पाहुणी म्हणून येऊन रडल्याची तिला लाज वाटली असावी. विषय बदलावा म्हणून तिने कोपऱ्यातल्या त्या रिकाम्या कुंडीकडे पाहिलं. माती ओली होती. "आणि ह्यात काय लावलंयस?"

"लागलं नाही."

"लागलं नाही? तुझ्या हाताने?" जोअन हसण्याचा प्रयत्न करत म्हणाली. "मग मागून आणलं असशील. मागितलेलं लागत नाही, तूच शिकवलंस!"

इथे गप्प बसता आलं असतं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. जोअन चार दिवसांनी गेली असती, फोन चालू राहिले असते, आणि जगात एक माणूस तरी बिल्किसला निखळ चांगली समजत राहिलं असतं. तेवढं एकच माणूस होतं तसं. बिल्किसला ते हवं होतं, फार हवं होतं. पण टोपीला हात लावणारा तो म्हातारा तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

"नाही, जोअन," ती म्हणाली. "चोरूनच आणलं होतं."

"कुणाकडून?"

बिल्किसने काठीकडे पाहिलं. "तू पक्षी ऐकत होतीस. पाठ फिरवून. मी दोनदा म्हटलं होतं, सुंदर फुललंय म्हणून."

जोअनला कळायला वेळ लागला. आधी ती तशीच हसऱ्या तोंडाने बघत राहिली. मग तिने कुंडी पाहिली, काठी पाहिली, पुन्हा कुंडी पाहिली. कप खाली ठेवताना बशी वाजली.

"मी किटलीचं नाव काढलं नव्हतं, बिल्किस," ती म्हणाली.

एवढंच. ओरडली नाही, चोर म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं. बिल्किस म्हणाली, माझी चूक झाली, मी तुझ्या पाया पडते. हिंदीत म्हणाली, मराठीत म्हणाली, जे शब्द आले त्या भाषेत म्हणाली. जोअन ऐकत होती की नाही, कळेना. ती उठली, हॅट घातली आणि वेलापाशी जाऊन उभी राहिली.

"ही काठी मला देशील?" तिने विचारलं.

त्या गच्चीवरून जोअनने आजवर एक काडीही मागून नेली नव्हती. बिल्किसने वेलाचे तणावे एकेक करून सोडवले. ते काठीला घट्ट धरून बसले होते, काही तुटले. तोंडलीचा वेल जमिनीवर पसरला. तिने काठी पदराने पुसून जोअनच्या हातात दिली, आणि जोअनने "थँक्यू" म्हटलं, दुकानात म्हणतात तसं.

ती जिना उतरू लागली. काठी तिच्या उंचीला आखूड पडत होती, तरी ती तिच्यावरच भार देऊन उतरली. वर कठड्यापाशी उभ्या बिल्किसला तळमजल्यापर्यंत एकेका पायरीवर काठी टेकल्याचा आवाज येत राहिला.